नुसता ‘मायनस ६२’ छापू नका, त्याचं सेटिंग पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात मोबाईल टॉवरवरून वाद पेटला की तुमच्या पेपरात दोन प्रकारच्या बातम्या येतात, एक म्हणजे अमुक सोसायटीत टॉवर नको म्हणून रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि दुसरी म्हणजे तमुक भागात घरात फोनच लागत नाही म्हणून लोक वैतागले, आणि कधी कधी दोन्ही बातम्या एकाच भागातल्या असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मला बोलायचंय ते त्या बातमीत मधेच येणाऱ्या आकड्याबद्दल. ‘मोजणी केली असता सिग्नल मायनस ६२ आढळला’ असं एक वाक्य येतं आणि बातमी पुढे निघून जाते. कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलं, किती बँडविड्थमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या किती रुंद पट्ट्यात, मीटर कसं लावलं होतं, अँटेना कुठली होती, काही म्हणजे काही नाही. मी भोसरीत गाड्यांत बसवायचे ट्रॅकर तपासतो, दिवसभर माझं काम हेच, फ्रिक्वेन्सी लावा, पॉवर लावा, मोजा, लिहा. म्हणून अगदी तळमळीने सांगतो, सेटिंग लिहिलं नसेल तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही, टॉवर नको म्हणणाऱ्याच्या नाही आणि रेंज हवी म्हणणाऱ्याच्या पण नाही.

आमच्या सोसायटीचंच सांगतो. शेजारच्या बिल्डिंगवर टॉवर उभा राहिला, लोक घाबरले, वर्गणी काढली आणि एका खासगी मोजणीवाल्यांना बोलावलं, नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला, एका हातात मुठीत मावेल एवढं मीटर आणि दुसऱ्या हातात स्वतःचा मोबाईल, त्यावर ऑफिसला व्हिडिओ कॉल चालू, म्हणजे मीटरची स्क्रीन तिकडे दाखवता यावी म्हणून. पार्किंग, जिना, दोन-तीन घरांच्या बाल्कन्या, गच्ची असं फिरला आणि गेला. मग रिपोर्ट आला, छान रंगीत आलेख, खाली शिक्का, आणि निष्कर्ष काय तर ‘मायनस ६२ डीबीएम, मध्यम’. आता मध्यम म्हणजे काय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरला विरोध असणारे म्हणाले बघा, मध्यम म्हणजे धोका आहेच की, आणि ज्यांना घरात रेंज हवीये ते म्हणाले रेंज मध्यम आहे तर तक्रार कशाला. एकाच कागदावरून दोन्ही बाजू भांडल्या, आणि त्या कागदावर फ्रिक्वेन्सी हा शब्दसुद्धा नव्हता.

आता हा डीबीएम काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलीवॅट. तिथून वर दर १० ला दहापट, खाली दर १० ला एक दशांश, आणि ३ म्हणजे साधारण दुप्पट किंवा निम्मं, बस. दोन आकड्यांतला नुसता फरक सांगायचा असेल तर त्याला डीबी म्हणतात. टॉवरवरच्या ४जी रेडिओचा पॉवर बऱ्याचदा ४३ डीबीएमच्या आसपास असतो, म्हणजे २० वॅट. आपला ४जी फोन सहसा जास्तीत जास्त २३ डीबीएम देतो, म्हणजे २०० मिलीवॅट. आणि घरात सोफ्यावर बसल्यावर त्याच फोनपर्यंत टॉवरचं जे पोचतं ते मायनस ९०, मायनस १०० असं काहीतरी. मायनस ९० म्हणजे एक पिकोवॅट, एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक, आणि एवढ्याशा सिग्नलवर फोन बोलतो, व्हिडिओ दाखवतो, पैसे पाठवतो, मला इतकी वर्षं या कामात असून याचं नवल वाटतं. म्हणूनच मायनस ६२ आणि मायनस ९२ यातला फरक तीसचा नाहीये, तो हजारपटीचा आहे, आणि सेटिंगच्या एका गोंधळात नेमका एवढाच फरक पडतो, तो कसा ते बघा.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अबाउट फोन आणि त्यात सिम स्टेटस उघडा, बऱ्याच फोनवर ‘मायनस १०३ डीबीएम ३७ एएसयू’ असं काहीतरी दिसेल. फोन ४जी वर असेल तर हा आकडा आरएसआरपीचा असतो, आणि एएसयू हे त्याचंच दुसरं माप, त्यातून १४० वजा केले की तोच डीबीएम येतो. पण हा आरएसआरपी म्हणजे अख्ख्या चॅनेलचा पॉवर नाही. टॉवर जे ठरलेले रेफरन्स सिग्नल पाठवतो ते १५ किलोहर्ट्झच्या बारीक पट्ट्यांत असतात, त्यातल्या एका पट्टीला सरासरी किती आलं ते हा आकडा सांगतो. २० मेगाहर्ट्झच्या ४जी चॅनेलमध्ये अशा १२०० पट्ट्या असतात आणि १२०० पट म्हणजे ३०.८ डीबी. म्हणजे टॉवर फुल लोडवर चालू असताना अख्ख्या चॅनेलचा पॉवर मोजणारं मीटर जिथे मायनस ६२ दाखवेल तिथेच फोन मायनस ९३ दाखवेल, आणि दोघंही बरोबर असतील. मंडईत गाळेवाला नुसतं ‘चाळीस’ म्हणाला तर आपण पहिलं विचारतो, पाव का किलो? इथे मात्र कुणी विचारत नाही. मायनस ६२ हा आरएसआरपी असेल तर रेंज फर्स्ट क्लास आहे, जिन्यात पण फोन लागेल. आणि तो २० मेगाहर्ट्झचा एकूण पॉवर असेल तर आतल्या बेडरूममध्ये जाऊन भिंत आडवी आली, अजून १५-२० डीबी गेले, की मायनस ११० च्या आसपास येऊन कॉल अडखळायला लागतो. आमच्या रिपोर्टमधला मध्यम यातला कुठला होता? आणि फोनवरच्या दांड्यांवर तर अजिबात जाऊ नका, किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते, दोन फोन शेजारी ठेवले की एकावर चार आणि एकावर दोन हे नेहमीचं आहे.

फ्रिक्वेन्सीचं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे मोबाईल म्हणजे एक फ्रिक्वेन्सी नाही, ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ५जी आल्यापासून ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, असे बँड आहेत, आणि एकाच टॉवरवर त्यातले चार-पाच लागलेले असतात. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं त्याआधी त्याच वर्षीच्या लिलावात ७०० आणि ३३०० हे बँड पहिल्यांदा विकले गेले, आणि ही दोन्ही अगदी दोन टोकं आहेत. तेवढाच पॉवर, तेवढंच अंतर आणि त्याच धाटणीच्या अँटेना धरल्या तरी ३३०० चा सिग्नल ७०० पेक्षा साडेतेरा डीबीने कमी पोचतो, म्हणजे बावीस पट कमी, आणि हे मोकळ्या हवेत. भिंती आल्या की अजून वाईट. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती, सिंहगड रोडच्या आरसीसी इमारती, हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांना लावलेली धातूचा पातळ थर असलेली काच, यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळं अडवते, आणि ती काच तर भिंतीपेक्षा जास्त अडवते, ऑफिसात बाहेर एवढं ऊन दिसतंय मग रेंज का नाही असं लोक विचारतात त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या काचेत असतं. तेव्हा ‘कोथरूडला रेंज नाही’ याला अर्थ नाही, कोथरूडला १८०० वर नाही पण ९०० वर आहे, असं काही सांगा, म्हणजे कंपनीला सुद्धा काय करायचं ते कळेल आणि ‘तपासून पाहतो’ म्हणून तोंडाला पानं पुसता येणार नाहीत.

आणि फ्रिक्वेन्सी शोधणं काही अवघड नाहीये. फोनवर नेटवर्क दाखवणारी फुकट अॅप आहेत, त्यात चॅनेल नंबर येतो. १८०० च्या बँडला, म्हणजे बँड ३ ला, तो नंबर समजा १५७५ आला, तर त्यातून १२०० वजा करायचे, उरले ३७५, त्याला ०.१ ने गुणायचं, ३७.५, ते १८०५ मध्ये मिळवायचे, १८४२.५ मेगाहर्ट्झ. ही टॉवरकडून फोनकडे येणारी फ्रिक्वेन्सी. फोनकडून टॉवरकडे जाणारी त्याच्या ९५ मेगाहर्ट्झ खाली, १७४७.५. शाळेतल्या पोरांना पण जमेल असं गणित आहे.

पण २३०० चा बँड वेगळा, तिथे येणं आणि जाणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने. इथे मला त्या मोजणीवाल्याचा दुसऱ्या हातातला मोबाईल आठवतो आणि खरंच वाईट वाटतं. फोन पूर्ण ताकदीला, २३ डीबीएमला असेल तर एक मीटरवर असलेल्या साध्या अँटेनाला २३०० च्या बँडमध्ये त्याचे मायनस १७ मिळतात, म्हणजे मायनस ६२ च्या तीस हजार पट. टॉवर जवळ असला की फोन स्वतःहून ताकद कमी करतो, ४जी फोन मायनस ४० डीबीएमपर्यंत खाली येऊ शकतो, त्यामुळे त्या क्षणी तो नक्की किती पाठवत होता कुणाला माहीत. म्हणजे त्या मायनस ६२ मध्ये टॉवर किती आणि मोजणाऱ्याचाच व्हिडिओ कॉल किती हे वेगळं काढताच येत नाही. मोजताना स्वतःचा फोन फ्लाइट मोडला टाकायचा, ही या धंद्यातली पहिली शिस्त आहे, आणि लोकांनी त्याचे पैसे मोजले होते.

आता धोक्याचा प्रश्न. याच्यावर फार लिहिलं जातं आणि बरंचसं साप साप म्हणून भुई धोपटणं असतं, पण म्हणून लोकांची भीती झटकून टाकायची असं माझं मुळीच म्हणणं नाही, घरात लहान मूल असेल तर माणूस विचारणारच. म्हणून तर मोजणी धड हवी. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली, आणि ती मर्यादाच मुळात फ्रिक्वेन्सीप्रमाणे वेगळी आहे. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ च्या आसपास, २००० च्या वर १ वॅट. पुढे मर्यादा कमीजास्त झाली तरी फ्रिक्वेन्सीप्रमाणे ती वेगळी असते हे काही बदलत नाही. मग रिपोर्टमध्ये फ्रिक्वेन्सीच नसेल तर तुलना कुठल्या मर्यादेशी करणार? मी घरी बसून हिशेब केला, की समजा ते मायनस ६२ हे १८०० मेगाहर्ट्झचे असतील आणि अँटेना अगदी साधी, गेन नसलेली, म्हणजे एका दिशेचा सिग्नल वाढवून न घेणारी असेल, तर ते मर्यादेच्या सुमारे तीस लाख पट खाली येतं. हे जर त्या कागदावर लिहिलं असतं तर त्या बाल्कनीपुरता तरी निम्म्या लोकांचा जीव तिथेच भांड्यात पडला असता. पण ‘समजा’ वर रिपोर्ट चालत नाही, अँटेना दुसरी असेल तर उत्तर दुसरं येईल, म्हणून मी मीटिंगमध्ये तो आकडा छातीठोकपणे सांगू शकलो नाही.

शिवाय रेंज मोजणं आणि रेडिएशन मोजणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत हे पण बातमीत यायला हवं. रेंज मोजताना एका टॉवरचा एका चॅनेलमधला ठराविक सिग्नल बघतात. रेडिएशन मोजताना त्या जागी सगळ्या कंपन्यांचं, सगळ्या बँडचं मिळून किती येतंय ते बघायचं, प्रत्येक बँडचा आपापल्या मर्यादेशी भागाकार करून बेरीज करायची, आणि ती बेरीज एकच्या आत हवी. त्यात पण क्षणभराचा झटका धरायचा नसतो, सरासरी घ्यायची असते, १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती ६ मिनिटांची होती. आता मीटर मॅक्स होल्डवर ठेवून सबंध गच्ची फिरायचं आणि जो सगळ्यात मोठा आकडा आला तो छापायचा, याला मोजणी म्हणत नाहीत. ४जी-५जी चा सिग्नल असा असतो की त्याची क्षणिक टोकं सरासरीच्या १० डीबी सुद्धा वर जातात, म्हणजे पीक डिटेक्टर लावला तर दहापट आणि आरएमएस लावला तर खरी सरासरी, आणि हा फरक मीटरच्या मेनूत एका बटणाचा आहे.

बटणांचंच सांगायचं तर अजून दोन सेटिंग सांगतो ज्यांनी चांगले चांगले फसतात. स्पेक्ट्रम अॅनालायझर म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं मशीन घेऊन टॉवरच्या समोरच्या गच्चीवर गेलात आणि सिग्नल वाढवणारा प्रीअँप चालू ठेवला, सिग्नल कमी करणारा आतला अटेन्युएटर शून्यावर ठेवला, तर मशीन तुंबतं. मग स्क्रीनवर असे सिग्नल उगवतात जे हवेत नसतातच, ते मशीनच्या पोटातच तयार झालेले असतात, आणि लोक त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवतात की बघा इथे गुपचूप अजून एक फ्रिक्वेन्सी सोडलीये. ओळखायची रीत सोपी आहे, अटेन्युएटर १० डीबीने वाढवा, खरा सिग्नल मशीन हिशेब करून जागच्या जागी दाखवेल, खोटा असेल तर खाली कोसळेल किंवा गायब होईल. आणि दुसरं टोक म्हणजे बेसमेंटमध्ये जाऊन रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे मशीन एका वेळी जेवढी पट्टी बघतं ती, एक मेगाहर्ट्झ ठेवून मोजायचं आणि ‘सिग्नल नाही’ लिहायचं. अहो मशीनचा स्वतःचाच खरखराट किती आहे बघा ना, हर्ट्झमागे मायनस १७४ डीबीएम ही निसर्गाचीच मर्यादा, एक मेगाहर्ट्झ घेतलं की ती मायनस ११४ वर येते आणि मशीनचा आवाज त्याच्यावर अजून १५-२०. त्याखालचा सिग्नल तुम्हाला दिसणारच नाही, पण फोनला तो मिळत असेल. १० किलोहर्ट्झ लावा, २० डीबी खाली बघता येईल.

हे सगळं मी कॉलेजवाल्यांना पण उद्देशून लिहितोय, कारण पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही आणि आमच्याकडे दरवर्षी नवीन मुलं येतात, हुशार असतात, सूत्रं तोंडपाठ, पण जर्नलमध्ये प्रॅक्टिकलचं सेटिंग लिहायची सवय कुणी लावलेली नसते. आमच्याकडे टेस्ट सेट असतो, म्हणजे एका डब्यात छोटा टॉवरच समजा, त्यावर बँड टाका, चॅनेल नंबर टाका, बँडविड्थ टाका, पॉवर टाका, ट्रॅकर त्याला जोडला जातो. नवीन मुलगा बसला की पहिल्या आठवड्यात ठरलेली तक्रार घेऊन येतो, ‘सर, मी मायनस ६० सेट केलंय आणि ट्रॅकर मायनस ८८ दाखवतोय, मशीन बिघडलंय.’ मशीन ठणठणीत असतं. मुलाने सेल पॉवर टाकलेला असतो, अख्ख्या १० मेगाहर्ट्झचा, आणि ट्रॅकर सांगतोय एका १५ किलोहर्ट्झच्या पट्टीचा. ६०० पट्ट्या, २७.८ डीबी, हिशेब बरोब्बर लागतो. पॉवरच्या रकान्यापुढे ‘डीबीएम’ आहे का ‘डीबीएम भागिले १५ किलोहर्ट्झ’ आहे एवढं वाचायचं. एकदा कागदावर करून दाखवलं की तो मुलगा परत कधी विसरत नाही.

मग केबल लॉस. केबल, स्प्लिटर, अटेन्युएटर, कनेक्टर, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं जातं, नुसता दोन वाटांचा स्प्लिटर टाकला तरी तीन डीबीच्या वर जातात, आणि केबलमध्ये ९०० ला जेवढं जातं त्यापेक्षा २३०० ला जास्त जातं. मशीनमध्ये फ्रिक्वेन्सीप्रमाणे लॉस भरायचा तक्ता असतो, आणि त्यात सगळीकडे एकच आकडा भरलेला दिसला की मी तो रिपोर्ट परत पाठवतो. जाताना आणि येताना दोन्हीकडचा लॉस भरायचा, नाहीतर ट्रॅकर खरं तर २३ देतोय आणि मशीन २० दाखवतंय, मग चांगला माल नापास. आणि ट्रॅकर किती पॉवरने बोलणार आहे त्याचा अंदाज मशीनला द्यावा लागतो, तो मायनस २० असा काहीतरी राहून गेला आणि समोरून २३ आले की कॉल तुटतो आणि खापर ट्रॅकरवर फुटतं. पॉवरच्या बाबतीत एक गोष्ट तर भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे, २जी चा फोन ९०० च्या बँडला ३३ डीबीएम देतो, म्हणजे २ वॅट, आणि बहुतेक अॅनालायझरच्या तोंडाशी जास्तीत जास्त ३० डीबीएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे १ वॅट. मध्ये २० किंवा ३० डीबीचा पॅड, म्हणजे पॉवर कमी करणारा अटेन्युएटर, न लावता थेट केबल जोडली तर लाखोंचं मशीन जायचं. आधी आरएफ, म्हणजे मशीनमधून बाहेर पडणारा सिग्नल, बंद, लेव्हल सगळ्यात खाली, केबल जोडा, लॉस भरा, मग आरएफ ऑन, हा क्रम हाताला लागला पाहिजे.

आणि हे सगळं केबलने नाहीतर बंद शील्डेड डब्यात करायचं, अँटेना लावून हवेत सोडायचं नाही. या फ्रिक्वेन्सी लायसन्सच्या आहेत, पैसे भरून घेतलेल्या आहेत, विनापरवाना सोडणं गुन्हा आहे. हेच रेंज वाढवायच्या बूस्टरचं. कुठूनतरी आणून दुकानात, हॉस्टेलवर, मंगल कार्यालयात लावतात, ६०-७० डीबी गेन, बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींना जवळजवळ चिकटून, मग ते मशीन माईकसारखं स्वतःच शिट्टी मारायला लागतं आणि टॉवरकडे जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर कचरा ओततं, एकाच्या दुकानात दांड्या वाढतात आणि अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात. परवानगीशिवाय ते लावताच येत नाही, आणि पुणे जिल्ह्यात तर अजून एक कारण आहे काळजी घ्यायचं. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आकाश ऐकतात, मोबाईलचे खालचे बँड बरोबर त्याच्या मधोमध येतात. त्यांचं मोजमाप ज्या एककात चालतं, जान्स्की, ते म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा मायनस २६ वा घात इतके वॅट. बघा, दर हर्ट्झला हे एककातच आलं, बँडविड्थ विसरायची सोयच नाही. एवढी शिस्त आपल्या जिल्ह्यात नांदतेय आणि इकडे शहरात शिक्का मारलेल्या रिपोर्टवर फ्रिक्वेन्सी नाही, हे मला पटत नाही.

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, गाड्या फिरवून ड्राइव्ह टेस्ट करते, रिपोर्ट लोकांसाठी खुले असतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत कंपन्यांनी आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे द्यायला सांगितलंय, चांगली गोष्ट आहे. त्याच महिन्यात इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी रेटिंग देण्याचे नियम पण आले, घर घेताना पाणी-पार्किंग बघतो तसं हे पण बिल्डरला विचारा. पण ड्राइव्ह टेस्ट मुख्यतः रस्त्यावर होते आणि आपली रड घरात असते, सातव्या मजल्याच्या मागच्या खोलीत. ती मोजणी तुमच्या-माझ्याकडूनच व्हायची, म्हणून ती नीट नोंदवली जावी.

तेव्हा संपादक साहेब, विनंती अशी की सिग्नलचा आकडा बातमीत येणार असेल तर त्याच्यासोबत निदान एवढं छापा, बँड किंवा चॅनेल नंबर, आरएसआरपी का एकूण पॉवर, एकूण असेल तर किती मेगाहर्ट्झचा, कशाने मोजलं आणि अँटेना कुठली, कुठला मजला, घरात का गच्चीवर, किती वाजता. दोन ओळी जास्त लागतील फक्त. कंपनीने, महापालिकेने किंवा कुणी मोजणीवाल्याने हे दिलं नाही तर ‘सेटिंग दिलेलं नाही’ असं स्पष्ट छापा, आपोआप द्यायला लागतील. आणि ज्या सोसायट्या पैसे देऊन मोजणी करून घेतात त्यांनी काम द्यायच्या आधीच हे लेखी मागा, मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सुद्धा मागा, तारीख बघा. तुमच्या वार्ताहरांपैकी कुणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी कधीही सांगा, पेठेतला एखादा वाडा आणि बाणेरची एखादी काचेची बिल्डिंग दोन्हीकडे जाऊ, माझ्याच फोनवर सेटिंगसकट आकडे काढून दाखवतो, आणि ते जसेच्या तसे छापायला माझी हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
सिंहगड रोड, पुणे